सासूबाईंच्या पट्टीतला कीबोर्ड

मला प्रश्न विचारायची खोड आहे. भेंडी घेतानाही ती कुठल्या गावची हे मी विचारते. तेव्हा पन्नाशीला टेकलेली ही बाई पर्वत पाटिया भागातल्या वाद्यांच्या दुकानात स्वतःसाठी कीबोर्ड घ्यायला गेल्यावर दुकानदाराचं काय झालं असेल, ते तुम्हीच ठरवा.

शिकायचं कारण माझ्या सासूबाई. आम्ही कोसाडला राहतो, गल्लीतली निम्मी घरं खानदेशातली. श्रावणात कानबाई देवी बसली की गाणी सासूबाईंनी उचलायची आणि बाकीच्या बायकांनी मागून म्हणायची, ही रीत. गेल्या श्रावणात त्यांनी सवयीनं तरुणपणच्याच पट्टीत सुरुवात केली आणि वर चढताना आवाज फाटला. कुणीतरी म्हणालं, मोबाइलवर लावू या गाणी.

"मंग निवद बी मोबाइललेच दाखाडा," म्हणून त्या उठल्या आणि यापुढे गाणार नाही असं सांगून मोकळ्या झाल्या. तेव्हापासून भाकरी थापताना गुणगुणणंही बंद. एवढं शांत स्वयंपाकघर मला सहन होईना.

खालचा सूर आधी कुणी धरून दिला तर त्या वर जाणारच नाहीत, असा माझा अंदाज. मोबाइलच्या पडद्यावरच्या चिमुकल्या पेटीवर मी कानबाईच्या गाण्याची पहिली ओळ एका बोटानं बसवली होती, पण तीही सासूबाईंच्या जुन्याच पट्टीत. नवऱ्यानं विचारलं, आता ऑर्केस्ट्रात जाणार का? मी म्हटलं, बोलावलं तर जाईन.

साडीच्या बाजाराचं आमिष दाखवून सासूबाईंना सोबत नेलं. दुकानदारानं त्यांना स्टूल दिलं आणि मला गुजरातीत विचारलं, "बेन, छोकरा माटे?"

"मारा माटे," माझ्याचसाठी, मी म्हटलं. त्यानं चष्मा सारखा केला.

पहिला कीबोर्ड इतका लहान की माझं बोट दोन कीजवर पडे. दुसरा मोठा, चकाकता, त्यात घंटा आणि घोड्याच्या टापासुद्धा. टापा कोण वाजवतं, असं मी विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं. तिसरा दिसायला साधा, स्वस्त, पण कीज बोटांना पुरतील एवढ्या रुंद.

माझा डावा हात मात्र सारखा मागच्या बाजूला जात होता.

"बेन, पाछळ शुं शोधो छो?"

मी भाता शोधत होते. वडिलांच्या भजनी मंडळातली पेटी बघत वाढले मी. वारा घातल्याशिवाय सूर निघतो, हे हाताला काही पटेना. स्टुलावर सासूबाई पदराआड हसत होत्या.

मग मी खरा प्रश्न विचारला. बोटं त्याच जागी ठेवून सगळे सूर खाली आणता येतात का? मोठ्या कीबोर्डवर त्यासाठी बरंच काही दाबावं लागत होतं. साध्यावर समोरच एक बटण होतं. ते दाबून मी कानबाईची ओळ वाजवली. सासूबाई रस्त्याकडे बघत राहिल्या. अजून खाली आणली, पुन्हा वाजवली. तरी रस्ताच. आणखी खाली. माझी ओळ संपली आणि स्टुलावरून पुढची ओळ आली, जाडीभरडी, पण कुठेही न फाटता.

गल्ल्यावरचा हिशेब सोडून दुकानदार ऐकत उभा राहिला. ओळ संपवून सासूबाईंनी त्यालाच विचारलं, "हाई आखो खाले जास का?"

"जाय ने, बा. घणुं नीचे," म्हणत त्यानं बटण दाबत दाबत पार तळाचा सूर ऐकवला.

सासूबाईंनी तो नीट ऐकला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दरसाल आवाज थोडा उतरस मन्हा. मरेपर्यंत पुरी जाई हाई."

हमी किती, बिघडला तर कुठे आणायचा, असं बरंच विचारायचं ठरवून आले होते. तो कीबोर्ड बांधून देईपर्यंत मी एकही प्रश्न विचारला नाही.