बांगडीसुद्धा हात बघून भरतात

माझी धाकटी बहीण खो-खो खेळते. आधी चष्म्याला मागून इलॅस्टिक बांधून खेळायची, म्हणून लातूरच्या मैदानावर पोरी तिला पाणबुडी म्हणायच्या. खांबाला वळताना चष्मा घसरायचा, अर्धा सेकंद तिला काही दिसायचं नाही, आणि खो-खोत तेवढ्यात माणूस बाद होतो. सरांनी तिला राखीव खेळाडूंत बसवायचं मनावर घेतलं, तेव्हा तिनं लेन्स आणायचं मनावर घेतलं.

आणल्या कशा? आम्ही दोघी चष्म्याच्या दुकानात गेलो, चष्म्याचा नंबर सांगितला, दुकानदारानं डबी हातात ठेवली. झालं. आपल्याकडं कासारीण हात दाबून बघितल्याशिवाय बांगडी भरत नाही, आणि डोळ्यात घालायची वस्तू मात्र नुसत्या नंबरावर! हे मला आज कळतं. त्या दिवशी मी शेजारी उभी राहून मान डोलवत होते.

पुढचं तर सगळं माझंच. आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल ते नळालाही माहीत नसतं, म्हणून मी 'शुद्ध पाणी प्या' अशी पत्रकं स्वतः लिहून दारोदार वाटलेली. लेन्सचं सोल्यूशन संपलं तेव्हा मीच मोठ्या तोऱ्यात सांगितलं, जारचं पाणी टाक, फिल्टरचं हाय. तिनं टाकलं. ताईनं सांगितलेलं ना.

आठवडाही झाला नाही आणि तिचा डावा डोळा लालभडक. उजेड सहन होईना, ओढणी तोंडावर घेऊन भिंतीकडं वळून बसायची. आई गुलाबपाणी शोधायला लागली. मी तिला तशीच उठवून डोळ्यांच्या डॉक्टर बाईंकडं नेलं आणि लेन्स कशात ठेवता असं विचारल्यावर अभिमानानं सांगितलं, फिल्टरच्या पाण्यात.

बाईंनी पेन खाली ठेवला.

"पिण्याचं पाणी पोटासाठी. लेन्सला नळाचं, जारचं, उकळलेलं, कुठलंच पाणी लागता कामा नये. पाण्यातले जंतू बुबुळावर बसतात. आणखी उशीर केला असता तर कायमचा डाग राहिला असता."

मी तावातावानं दुकानदाराकडं गेले. डोळे न तपासता लेन्स दिल्याच कशा म्हणून हुज्जत घातली. तो शांतपणे म्हणाला, "ताई, नंबर तुम्हीच सांगितला होता." त्याची चूक होतीच. पण परत येताना मला माझीच पत्रकं आठवत होती.

कित्येक आठवडे थेंब आणि चष्मा. डोळा पूर्ण बरा झाल्यावर बाईंनी स्वतःच बोलावलं, आणि मग मी जे बघितलं ते बघून मला जागेवर बसवेना. आधी नंबर नव्यानं काढला, मग बुबुळाचा बाक मोजला. दोन्ही डोळ्यांचा वेगळा निघाला! मग एक लेन्स घालून तिला बाहेर बसवलं, थोड्या वेळानं यंत्रातून बघितलं. पापणी मिटली की लेन्सनं जरासं हलायला हवं. चिकटून बसली तरी वाईट, भटकली तरी वाईट. पहिली नापास. दुसरी बसली. तरी घरी सोडेनात. साबणानं हात धू, कोरडे कर, घाल, काढ, परत घाल. तिला स्वतःला जमेपर्यंत लेन्स हातात दिल्या नाहीत. डबीत रोज नवं सोल्यूशन, झोपताना लेन्स बाहेर, डोळा लाल झाला की लेन्स काढून थेट दवाखाना, आणि चष्मा कायम सोबत.

नव्या लेन्स घालून बहिणीनं माझ्याकडं वळून बघितलं आणि हसत सुटली. "ताई, तुझ्या नाकावर तीळ हाय की."

त्याच संध्याकाळी मी लेन्सवर नवं पत्रक लिहिलं. पहिलीच ओळ जारच्या पाण्यावर.

नंतर नांदेडला सामने होते. संघातली तिची जागा त्या दिवशी ठरणार होती. मैदान नुसतं धुळीचं. शेवटच्या पाळीआधी ती डोळा मिचकावत कडेला आली, डावाच डोळा. माझ्या हातात पाण्याची बाटली होती, आणि लाज वाटते सांगायला, मी म्हणाले, लेन्स धुऊन घाल पटकन.

तिनं बाटली बाजूला सारली. "पत्रक तूच लिहिलंस ना, ताई?"

साबणानं हात धुऊन, पुसून तिनं दोन्ही लेन्स काढल्या, सोल्यूशनच्या डबीत ठेवल्या. डोळ्यातली टोचणी थांबली. मग पिशवीतून तो जुना चष्मा काढला, इलॅस्टिकसकट. इलॅस्टिक तिनं नवं शिवून आणलं होतं, घट्ट. मला पत्ताच नव्हता.

समोरच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, पाणबुडी आली गं. आली आणि पळाली. वळली, हुलकावणी दिली, पुन्हा वळली. तीन मिनिटं ती कुणाच्या हाताला लागली नाही आणि मी बाटली छातीशी धरून नाचत होते.

सामना आम्ही एका गुणानं हरलो. मी धावत जाऊन आधी तिची पापणी वर केली. डोळा स्वच्छ पांढरा.

"हो बाजूला," ती म्हणाली, "सर संघाची यादी करायलेत."

यादीत पहिलं नाव तिचंच होतं.