गार्डाचा डबा महागला

माझे वडील मालगाडीचे गार्ड होते. आम्ही त्यांना दादा म्हणतो. नोकरी सगळी दौंडला झाली, निवृत्तीनंतर त्यांनी भिगवणला घर बांधलं आणि वर्षाच्या आत खेळण्यातल्या मालगाडीच्या नादी लागले. ‘खेळण्यातल्या’ हा शब्द माझा. त्यांच्यासमोर तो काढला, तर ते चष्म्यावरून असे बघतात की मला शाळेत गृहपाठ विसरल्यासारखं होतं. त्यांच्या लेखी ती मॉडेलं आहेत, खऱ्या गाडीबरहुकूम.

आधी त्यांनी इंजिन घेतलं. मग पेन्शनीतून बाजूला काढून चार-सहा महिन्यांनी एकेक डबा. डबा आला की वही घेऊन भिगवण स्टेशनवर जायचे, उभ्या मालगाडीशी ताडून बघायचे आणि घरी येऊन कारखानदाराच्या चुका दुरुस्त करायचे. एका तेलाच्या टाकीच्या डब्यावर शिडीची एक पायरी कमी होती, ती त्यांनी टाचणी कापून बसवली. श्वास रोखून, आईला मिक्सर बंद ठेवायला लावून. मी बारामतीहून दर रविवारी जाते, तेव्हा ते हात बघत बसायला मला फार आवडायचं. इतक्या निगुतीनं मी माझी मुलंसुद्धा वाढवलेली नाहीत.

पहिला डबा बाराशेला आला होता. पाचवा दोन हजारांवर गेला. नववा आला तेव्हा मी किंमत विचारली नाही, आईच्या तोंडावरूनच कळली. चाकं बाहेरच्या देशातून येतात, माल थोडाच बनतो आणि शौकीन वाढलेत, असं दादा सांगायचे. राहिला फक्त शेवटचा, गार्डाचा डबा. तो एकदाच थोडे नग बनवून बंद झाला होता. ज्यांच्याकडं होता ते तोंडाला येईल ती किंमत सांगत. दादांची शिल्लक दोन पावलं पुढं जाई, तोवर भाव चार पावलं गेलेला असे.

तोवर गाडी चालवायची नाही, हा त्यांचा हट्ट. फळीवर रूळ मांडलेले, इंजिनाला नऊ डबे जोडलेले, आणि गाडी दोन वर्षं जागच्या जागी.

“मागचा डबा दिसल्याबिगर गाडी आली म्हनत न्हाईत,” ते मला समजावत. “मधीच तुटून निम्मी गाडी मागं ऱ्हायली आसंल तर? ठेसनवाला आदी शेवटचा डबा बगतो, मगच म्होरची गाडी सोडतो.”

दादा, ही गाडी कपाटापासून खिडकीपर्यंतच जाणार आहे, असं म्हणून मी डब्याचे पैसे द्यायला निघाले.

“नाद माजा हाय. त्येला तुजा पगार कशाला?”

मला राग आला. मग बसा वाट बघत, असं फटकन बोलून मी बारामतीला परतले आणि आठवडाभर फोन केला नाही.

पुढच्या रविवारी जाताना रस्त्यात चिलापी घेतली. दादांना मासा दिला की भांडण मिटतं. घरात शिरले तर रुळावर इंजिनाची जागा रिकामी.

“इकलं काल,” आई म्हणाली. “पुन्याचा आसल्याच गाड्यांच्या नादाचा मानूस आला हुता न्यायला.”

मी मासळीची पिशवी हातात घेऊन तशीच खाली बसले. माझं बोलणं त्यांना लागलं आणि त्यांनी नादच सोडला, असं वाटलं. स्वतःचीच लाज वाटली.

दादा मात्र खुशीत आतून आले. हातात काडेपेटीपेक्षा जरा मोठा, तपकिरी डबा.

“डब्याचं भाव वाडलं म्हनून आपून रडत बसलो,” ते म्हणाले. “आन् आपल्या इंजिनाचं बी वाडल्यालं हुतं की. त्या पैशात त्याच मानसाकडनं ह्यो आला.”

“बिनइंजिनाची गाडी,” आई म्हणाली. “शानपन गहान टाकलंय.”

त्यांनी डबा मागं जोडला आणि बोटानं अख्खी गाडी हळूहळू खिडकीपर्यंत ढकलली. शेवटच्या डब्यासकट गाडी खिडकीशी पोचली तेव्हा ते ताठ उभे राहिले. “आली,” म्हणाले. मला हसू आलं आणि डोळेही भरले. असा बाप सगळ्यांना मिळत नाही.

मग त्यांनी भिंग दिलं. डब्याला मागं छोटा सज्जा, आत एक बाक. आईनंही भिंग घेतलं, आणि बराच वेळ वाकून बघत राहिली.

“लाईट-पंखा?”

“न्हाय.”

“हितं तुमी बसायचा व्हय? आन् बाकीची?”

“बाकीची कोन? डायवर लोकं म्होरं इंजिनात. हितं येकटाच.”

आईनं भिंग खाली ठेवलं. “मला वाटायचं, तुमी दोगं-तिगं आसताय मागं. बोलत-चालत जात आसाल. म्हनून मी झोपायची निवांत.”

“म्हनूनच सांगितलं न्हाय,” दादा म्हणाले.