पायऱ्यांवरची राख

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला दोन प्रश्न विचारलेत. धाकट्याने विचारलं, "आजी, इज स्नो फन?" आणि मी फोन घेऊन बागेत उतरत होते तेव्हा थोरली म्हणाली, "आजी, व्हाय आर युअर स्टेप्स सो डर्टी?" पहिल्याला मी "कधी कधी" एवढंच म्हटलं. दुसरा ऐकूच आला नाही असं दाखवलं, कारण बाय, म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, दारातच उभी होती.

माझ्या घराच्या पायऱ्या घाण आहेत, हे ऐकून घेणं मला सोपं नाही. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि मुलांच्या वह्यांवर शाईचा डागसुद्धा कधी चालवून घेतला नाही. म्हणून दोन्ही उत्तरं लिहून पाठवते आहे. मराठीत लिहिते, कारण हे सगळं मराठीत घडलं. तुमचे बाबा वाचून दाखवतील. ईस्टरला तुम्ही मस्कतहून इथे याल तेव्हा बाय अजून इथेच असेल. त्याआधी तुम्हाला हे माहीत असलेलं बरं.

तुमचे आजोबा सिडनीत वेस्टमीडला एका लॅबमध्ये होते. खिडकी नसलेली खोली, डोक्यावर ट्यूबलाइट, समोर रक्ताच्या नळ्या. निवृत्त होताना त्यांनी जाहीर केलं की आता आपल्याला खिडकीतून डोंगर दिसला पाहिजे, आणि डोंगरावर बर्फ. तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "डॅड, लोक रिटायर होऊन बीचवर जातात." आजोबा म्हणाले, "आम्ही वसईचे. समुद्र बघून झालाय आमचा." आणि आम्ही सिडनीचं घर विकून या लहानशा गावात आलो, बर्फाच्या डोंगरांच्या पायथ्याशी.

बर्फात मजा असते का, हे आधी सांगते. असते. रात्रीतून बर्फ पडला की सकाळी पहिल्यांदा कळतं ते कानांना. रस्ता, कुत्री, शेजारणीचा तो खडखडणारा यूट ट्रक, सगळं जणू रजईखाली गेलेलं असतं. मग ऊन येतं आणि डोळे उघडवत नाहीत. एकदा कुंपणाजवळ एक कांगारू पोटापर्यंत बर्फात उभा होता. आपण चुकीच्या देशात उतरलो की काय, असा त्याचा चेहरा होता. आजोबा पडद्याआडून त्याला बराच वेळ बघत राहिले आणि त्यांचा चहा निवून गेला.

बाकी सगळा त्रास. नळाचं पाणी गोठतं. गाडीच्या चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात, त्याही गुडघे टेकून, ओल्या हातमोज्यांनी. लाकडाची शेगडी दिवसभर लाकडं खाते आणि रोज सकाळी बादलीभर राख काढावी लागते. पीठ फुगत नाही, दही लागत नाही. घरात कुठेतरी काहीतरी ओलं असतंच, आणि ते काय आहे हे शोधण्यात माझा दिवस जातो.

गेल्या एप्रिलमध्ये बाय आली, वर्षभराच्या व्हिसावर. तिने लग्न केलं नाही. त्यांची आई गेली तेव्हा तुमचे आजोबा शाळेतही जात नव्हते, त्यांना तिनेच वाढवलं. अजूनही ती त्यांना ताटात उरलेलं संपवायला लावायची आणि ते संपवायचे.

पहिला बर्फ पडला तेव्हा ती खिडकीशी उभी राहून म्हणाली, "अरे, हे तर मिठागर! एवढं मीठ भरायचं कुणी?"

"तू भर. म्हणून तर तुला बोलावलंय," आजोबा म्हणाले.

तिने बाहेर जाऊन खरोखरच चिमूटभर बर्फ जिभेवर ठेवला. "अळणी आहे," म्हणाली आणि आत आली. त्याच आठवड्यात दोरीवरची आजोबांची पँट लाकडासारखी कडक झाली. बायने ती तशीच आत आणली, खुर्चीवर टेकवून बसवली आणि विचारलं, "काय, चहा घेणार?" पँट हळूहळू मऊ पडून खाली घसरली. आम्ही तिघंही डोळे पुसेपर्यंत हसलो.

आता पायऱ्यांचं. आपल्या वसईच्या घरी सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे ओटा धुणं. बाय लहानपणापासून ते करत आली. तिच्या मते कोरडा ओटा म्हणजे तोंड न धुतलेला माणूस. इथे ओटा नाही, पण दारापुढे छप्पर आहे आणि त्याखाली तीन सिमेंटच्या पायऱ्या. आल्यापासून ती त्या रोज बादलीने धुवायची आणि येताना बॅगेतून आणलेल्या खराट्याने पाणी लोटून द्यायची. मे संपताना शेजारणीने कुंपणावरून मला हाक मारली. शेतावर जन्म गेलेली म्हातारी आहे ती. म्हणाली, "लव्ह, आता बाहेर पाणी ओतायचं बंद करा. सकाळपर्यंत काच होते त्याची." ती स्वतः तिच्या वाटेवर शेगडीतली राख पसरते, पाय घसरू नये म्हणून. आजोबांनी हे बायला समजावलं. ती कुरकुरली, पण तिने ऐकलं. नुसतं झाडायला लागली.

जूनमध्ये, इथल्या ऐन हिवाळ्यात, एका संध्याकाळी आमच्या घरी रोझरी होती. गावातल्या इस्पितळातल्या आपल्याकडच्या दोनचार नर्सेस आणि फादर यायचे होते. घरी प्रार्थना असताना ओटा धुतला नाही, असं बायच्या जन्मात झालं नव्हतं. मी नंतर जुळवलं ते असं. त्या दिवशी ती उजाडायच्या आत उठली, गॅसवर मोठं पातेलं भरून पाणी तापवलं आणि पायऱ्या धुतल्या. गरम पाणी कसं गोठेल, असं तिला वाटलं. मग पातेलं जागेवर ठेवून ती परत पांघरुणात शिरली.

उजाडल्यावर आजोबा लाकडं आणायला बाहेर गेले. बागेच्या वाटेवर ते जपून चालायचे, पण छपराखालच्या पायऱ्यांवर कधी बर्फ पडत नाही की दंव धरत नाही. त्या नेहमी कोरड्या असायच्या, म्हणून तिथे ते कठडाही धरायचे नाहीत.

मला आधी आवाज आला, लाकूड पडल्यासारखा. मी दारात गेले तर ते खालच्या पायरीशी आडवे होते आणि एक पाय भलत्याच दिशेला वळला होता.

"येऊ नकोस," ते म्हणाले. "बसून उतर."

मी बसून उतरले. तेव्हा मला दिसलं. पायऱ्यांवर स्वच्छ, पातळ काच होती आणि तिच्यात खराट्याचे फटकारे गोठलेले होते, पंख्यासारखे, एका बाजूने दुसऱ्या बाजूला. एक काडीही अडकली होती.

"अहो, हे..."

"दिसलं मला." त्यांचे दात वाजत होते. "तिला सांगायचं नाही. दंव होतं म्हण."

तेवढ्यात बाय ब्लँकेट घेऊन आली. मी खालूनच हात करून तिला दारात थांबवलं. ती वरून ओरडली, "अरे गाढवा, चपला घालून कशाला गेलास?"

"तुझ्या हातचा मार चुकवायला," ते म्हणाले. चेहरा राखेसारखा झाला होता त्यांचा.

शेजारीण धावत आली. तिने पायऱ्यांकडे बघितलं, बायकडे बघितलं, आणि घरी जाऊन राखेची बादली आणली. सगळ्या पायऱ्यांवर तिने ती उलटी केली. "ब्लडी फ्रॉस्ट," ती मोठ्याने म्हणाली. फटकारे झाकले गेले.

रस्त्यावर बर्फ होता, अँब्युलन्सला वेळ लागला. खुबा मोडला होता. मोठ्या शहरात नेऊन ऑपरेशन केलं, ते चांगलं झालं. पण त्या वयात पडून राहणं वाईट. छातीत कफ धरला, उतरला, पुन्हा धरला. बाय रोज त्यांच्या उशाशी बसून पेज भरवायची आणि रोज विचारायची, "पण पडलास कसा रे तू?" ते म्हणायचे, "दंव होतं, बाय." मीही म्हणायचे, दंव होतं. तुमच्या बाबांनी फोनवर विचारलं, "मम, त्या पायऱ्या तर ऑल्वेज ड्राय असतात ना?" त्यांनाही मी दंवच सांगितलं. हे वाचताना ते इथे थांबतील. थांबू देत.

ऑगस्ट संपताना आजोबा गेले. दफनाच्या दिवशी बर्फ नव्हता, नुसता चिखल होता, काळा, बर्फ वितळल्यावर उरतो तसला. कबरीत माती टाकताना बायची मूठ उघडेना. फादरनी तिची बोटं एकेक करून सोडवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ती पायऱ्यांवर राख पसरत होती. मला वाटलं, आता तिला भीती बसली असेल. थंडी होती, ठीक होतं. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. शेगडी बंद झाली. बायने हिवाळ्याची उरलेली राख मागच्या शेडमध्ये डब्यात भरून ठेवली होती, त्यातली ती रोज ओंजळभर आणायची. नाताळात घरी पाहुणे आले तेव्हाही पायऱ्या तशाच. पाणी मात्र तिने बाहेर एकदाही टाकलं नाही, कुंड्यांनासुद्धा मीच घालते.

जानेवारीत एका सकाळी मला ते सहन झालं नाही. गवत पिवळं झालेलं, उकाडा, माश्या, आणि राख सगळ्या घरभर. मी खराटा घेतला आणि पायऱ्या झाडायला लागले. बाय आतून आली.

"राहू दे ते."

"बाय, अगं उन्हाळा आहे. आता बर्फ कुठे पडतोय पायऱ्यांवर?"

"त्या दिवशी तरी कुठे पडला होता?" ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं नाही. दंव होतं, हे शब्द माझ्या तोंडात तयार होते, इतके महिने वापरून गुळगुळीत झालेले. ते मला उच्चारता आले नाहीत.

"तो सांगत नव्हता," ती म्हणाली. "तूही नाही. मी म्हटलं, तुम्हाला सांगायचं नाही तर मी कशाला विचारू? पण विचारल्याशिवाय राहवायचं नाही. रोज वाटायचं, आज तो चिडेल आणि तोंडावर बोलेल माझ्या. चिडला असता तर बरं झालं असतं गं."

एवढंच. मग तिने माझ्या हातातला खराटा घेतला, दाराआड उभा करून ठेवला आणि शेडकडे गेली. मी झाडलेल्या पायऱ्यांसाठी तिला राखेचा अख्खा डबाच आणायचा होता, तो तिच्याने उचलवत नव्हता. मी मागोमाग जाऊन दुसरी कडी धरली.

तेव्हापासून आम्ही दोघी मिळून आणतो. ती पसरते, मी डबा धरून उभी राहते. तिला थांबवावं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. एप्रिलमध्ये ती वसईला परत जाईल. तिथला ओटा आता कोण धुईल, हेही मी विचारलेलं नाही.

तर ईस्टरला याल तेव्हा पायऱ्यांबद्दल मोठ्या आजीला, म्हणजे बायला, काही विचारू नका. कठडा धरून चढा, कोरडं असलं तरी. आणि बूट दाराबाहेर काढा. राख आत आलेली मला अजूनही चालत नाही.