रक्त घेतल्याची वेळ

अकोल्याच्या एका दवाखान्यानं मला फसवलं. जंतू मारायचं इंजेक्शन आधी दिलं, तपासणीचं रक्त नंतर घेतलं, आणि कागदावर उलटं लिहिलं.

त्या दिवसाचं जे आठवतं ते पाण्याखालून पाहिल्यासारखं. माझ्या धान्याच्या गोदामात तळपायात खिळा घुसला होता. चौथ्या दिवशी असा ताप भरला की दवाखान्याचं छत तुरीच्या ढिगासारखं पिवळं दिसू लागलं आणि सावकाश माझ्या अंगावर घसरू लागलं. भीती वाटली नाही. ऊबच वाटली.

त्या उबेत नर्स आली. कल्चरसाठी, म्हणजे बाटलीत जंतू वाढवून पाहायला, दोन्ही हातांतून रक्त घ्यायचं म्हणाली.

“दोन्ही कायले? एकातच भागवा.”

“काका, हे काय मेथीची जुडी हाय का, भाव करून राह्यले?”

“मेथी असती तं एक जुडी वरून मागतली असती.”

ती हसली आणि एकाच हातातून घेतलं. पोत्यात तीन ठिकाणी नळी खुपसून दाणा पाहिल्याशिवाय मी बोली लावत नाही. स्वतःच्या रक्ताचा नमुना मात्र एकाच जागचा दिला. तेवढी चूक माझी. ती मी नाकारत नाही.

दुसऱ्या दिवशी मेहुण्यानं मला अमरावतीला हलवलं. वाटेतलं मूर्तिजापूर केव्हा मागे पडलं कळलं नाही. काचेबाहेर कपाशी धुक्यासारखी वाहत होती आणि मी तिच्यावर तरंगत होतो.

तिथल्या डॉक्टरबाईंनी अकोल्याचा कागद वाचला. रक्त साडेदहाला, इंजेक्शन अकराला. म्हणाल्या, “मग कल्चरवर विसंबता येईल. जंतू वाढला की त्याचं नाव कळेल, आणि तो कोणत्या औषधानं मरतो तेही.” तोवर अंदाजानं दोन-तीन जालीम औषधं सुरू केली. त्यातलं एक कानांना इजा करू शकतं, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं.

दोन दिवसांनी अकोल्याहून निरोप आला, बाटलीत काहीच वाढलं नाही. बाई कोड्यात पडल्या. तेव्हा खाटेच्या पायथ्याशी उभी असलेली माझी बायको बोलली.

“साहेब, सुई पयले देल्ली, रगत मंग घेतलं. दोन घंट्यानं. बाटल्याच नोहत्या त्याइच्या जोळ. मी तं तिथंच होती.”

बाईंनी कागदावरच्या वेळा पुन्हा वाचल्या. मग म्हणाल्या, औषधानं अर्धमेला झालेला जंतू बाटलीत वाढत नाही. आता रक्तातल्या जंतूची जनुकं वाचणारी तपासणी करू. तिला जंतू जिवंत लागत नाही, त्याचे तुकडेही पुरतात. मात्र कोणतं औषध लागू पडेल हे ती कल्चरइतकं नेमकं सांगत नाही, म्हणून पहिल्या दिवशी पाठवलं नव्हतं. सुई आधी दिल्याचं ठाऊक असतं तर तेव्हाच पाठवलं असतं.

रक्त मुंबईला गेलं. दोन दिवसांत नाव आलं. त्या जंतूला ते कानांना इजा करणारं औषध लागतच नव्हतं. बाईंनी त्याच मिनिटाला थांबवलं.

जीव वाचला. पण बारीक आवाज गेले. इतक्या थोड्या दिवसांत सगळ्यांचे जात नाहीत, माझे गेले. बायकोच्या बांगड्या, कुकरची शिट्टी, सकाळच्या चिमण्या. माणसं ओठ हलवतात आणि शब्द अर्धेच पोचतात. कधी कधी अंगणात बसलो की ही शांतता बरीही वाटते, त्या पिवळ्या छताखाली वाटलेल्या उबेसारखी. मग बाजारात समोरचा दुसऱ्याच्या कानात काय कुजबुजला ते कळत नाही, आणि डोकं भडकतं. कुजबुज ऐकूनच तर मी धंद्यात इथवर आलो होतो.

अकोल्याला जाऊन विचारलं. तिथले डॉक्टर म्हणाले, “आम्ही रक्त आधीच घेतो, नियमच आहे.” बाटल्या संपल्या होत्या, हे मी समजून घेतो. तापलेल्या माणसाला सुई लवकर दिली, तेही बरोबर. पण साडेदहा कोणी लिहिलं? त्या कागदाखाली सही आहे, वाचता येत नाही. सही करणाऱ्यानं माझ्यासमोर उभं राहावं आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगावं, का लिहिलं.