बंदोबस्तावरची

देवबागच्या रस्त्यावर माझं किराणा दुकान आहे. मंत्री येणार म्हणून सकाळपासून समोर एक महिला कॉन्स्टेबल उन्हात उभी होती. मध्येच टोपी काढून ती कपाळावरचा घाम मनगटाने पुसायची आणि कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघायची. दुपारी मी तिला खुर्ची नेऊन दिली. ती टेकते न टेकते तोच तिच्या साहेबांची जीप आली.

"बंदोबस्ताला आलीस की लग्नाला?" साहेब सगळ्यांदेखत ओरडले.

तिने उठून सॅल्यूट केला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जीप गेल्यावर मी विचारलं, "गो बाय, गप कित्याक ऱ्हवलंस?"

"आजो माझो हाफ प्यांटीतलो पोलीस. तेका सायबाची लाकडा फोडूची लागत. बापाशीक सायबाची पोरा शाळेत पोचवची लागली. माका नुसता उभ्या ऱ्हवाचा लागता. तीन पिढ्यांनी इतक्याच सुधारला."

मंत्र्यांचा दौरा दुपारीच रद्द झाल्याचं संध्याकाळी एका गिऱ्हाइकाने सांगितलं. ती अजून उभीच होती. तिला ते मीच जाऊन सांगितलं, कारण तिच्या एकाही साहेबाला तेवढं सुचलं नव्हतं.