विहिरीजवळचा प्लॉट

दिंडोरी रोडवरच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउससाठी मी कॉम्प्युटरवर जो फॉर्म बनवला, तसा गोदावरीच्या दोन्ही काठांवर आजवर कुणी बनवलेला नाही. हे मी नम्रपणे सांगतोय, माझा नम्रपणाही तसाच अफाट आहे. शेतकरी एका तक्त्यात, त्यांचे प्लॉट दुसऱ्यात, दोघांची गाठ आतून बांधलेली. वर शेतकरी निवडला की खाली त्याचे प्लॉट हजर. नवा प्लॉट असेल तर तिथेच नाव टाकायचं, एंटर दाबायचं, पावती बाहेर. एंट्री करणाऱ्या ताईंची बोटं अशी सुसाट, की कीबोर्डला पंखा लावावा लागायचा.

मालक अण्णांनी हंगामाच्या पहिल्या सकाळीच बजावलं, "गेटवर गाड्या तुंबल्या ना, तर दुपारी तुमचं खोकं तुमच्याच डिकीत टाकीन. आमची वही भली."

पहिला ट्रॅक्टर आला. प्लॉटचं नाव? "विहिरीजवळचा." पावती निघाली, गाडी आत. मी मनातल्या मनात स्वतःला हार घातला.

दुसरा ट्रॅक्टर. "विहिरीजवळचा." फॉर्म लालबुंद: हे नाव आधीच नोंदलेलं आहे.

आपल्याकडे प्लॉट म्हणजे विहिरीजवळचा, आंब्याखालचा, नाहीतर रोडचा. बारसं करायला वेळ कुणाला? आणि मी टापटिपीच्या भरात नियम घातलेला: एक नाव, एकदाच!

त्यात हे दुसरे काका पहिल्यांचे चुलतभाऊ. बांधावरून दोघांचं बोलणं बंद.

"कोणाच्या नावावर दाखवतंय?" काकांनी विचारलं. ताईंनी भाबडेपणाने नाव वाचलं.

"बांध खाल्ला तो खाल्ला, आता कॉम्प्युटरात विहीर पण घेतली?"

"मी काय घेतलं रे? मी फक्त लवकर उठलो!" पहिले काका आतून ओरडले.

"यांना 'विहिरीजवळचा दोन' टाकू का?" ताई मला कुजबुजल्या.

"दोन? म्हंजी मी दोन नंबर?" काकांचे कान ससाण्याच्या डोळ्यांइतके तेज.

मागे ट्रॅक्टरांची रांग अशी वाढली, की शेपूट वणीच्या गडाला वेढा घालून परत येणार होतं. अण्णा घड्याळाकडे बघायला लागले. मी ताईंना खुर्चीवरून उठवलं, जुना नियम उडवला आणि नवा घातला: नाव कितीही जणांनी ठेवा, एका शेतकऱ्याकडे मात्र एकदाच. म्हणजे नाव एकट्याचं तपासायचं नाही, मालकासकट तपासायचं.

सेव्ह. हिरवं!

दुसरे काका नुसत्या पावतीवर समाधानी नव्हते. काउंटरवरून अर्धे आत वाकून त्यांनी स्क्रीनवर आपलं नाव आणि विहीर शेजारी शेजारी बघितली, मोबाईलने फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपात पहिले काकाही होते. त्यांनी फोटोखाली लाइकचा अंगठा टाकला. बांधाचं वैर, पण अंगठा!

मग विहिरीजवळचे असे सुटले, की तालुक्यात जमीन कमी आणि विहिरी जास्त असाव्यात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत गेट मोकळं. अण्णांनी रस्त्यावर जाऊन खात्री केली, परत आले आणि माझ्यापुढे चहा सरकवला.

"आपलं दुसरं गेट पण हाय," ते म्हणाले. "तिथलं कधी बसवताय?"