मानमोडीच्या टाक्यात

खरं तर इटलीला जायचं ठरलं होतं. म्हणजे अविनाशचं ठरलं होतं. डोंगरावरचं एक चिमुकलं गाव, दगडी गल्ल्या, चौकात जुनं कारंजं, असा फोटो माझ्या नवऱ्याने कित्येक महिने कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवला होता. विमानाच्या तिकिटाचा आकडा कळल्यावर त्याने तो काढला आणि म्हणाला, "तिकडचेच लोक इकडे येऊन गेलेत. आपण जुन्नरला जाऊ."

दोन हजार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आलेले यवन, म्हणजे ग्रीक-रोमन व्यापारी नाणेघाट चढून जुन्नरला यायचे, इथल्या लेण्यांना दानं द्यायचे, आणि त्यांचे लेख अजून दगडात आहेत, हे सगळं त्याला तोंडपाठ. आमच्या संसाराची निम्मी वर्षं मी सातवाहन ऐकण्यात घालवली आहेत, असं मी माहेरी सांगते.

मी मुळात भित्री. मार्च २००८ चे ते दिवस, आणि जुन्नर म्हटलं की मला फक्त पेपरातले बिबटे आठवायचे. म्हणून सॅकमध्ये शिट्टी आणि मोठी बॅटरी घेतली. अविनाशला एकदा गच्चीत गांधीलमाशी चावून घसा सुजला होता. पुन्हा कुठल्याही माशीचा डंख झाला तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यासाठी दिलेल्या गोळ्याही घेतल्या, पण अगदी तळाशी, स्वेटरखाली.

पुण्यातल्या शिवाजीनगरहून सकाळची एसटी पकडा. चाकणचा ट्रॅफिक सोडला तर रस्ता बरा आहे. मंचरला चहा घ्या, आणि जेवणाच्या वेळेला पोचलात तर जुन्नरमध्ये मासवडी खा; नावात मासा असला तरी ती बेसनाची असते. आम्ही खाल्ली. रस्सा इतका झणझणीत की काही वेळ मी बिबट्यालाही विसरले.

स्टँडवर रशीदभाईंची रिक्षा ठरवली. जाऊन-येऊन आणि थांबून दीडशे रुपये. रिक्षात आधीच एक मावशी बसल्या होत्या, नऊवारी, मांडीवर पिशवी. बोरी बुद्रुकच्या. सुनेला बऱ्याच वर्षांनी दिवस गेले होते, म्हणून लेण्यातल्या अंबिकेचा नवस फेडायला निघाल्या होत्या.

"मावशी, तिकडे बिबट्या दिसतो का हो?" मी विचारलं.

"दिसतो की. आमच्या बोरीत उसाच्या कडंनं रोजच फिरतो. त्याला काय भ्यायचं, लेकी? त्यो आपल्या वाटंनं जातो."

"ताई, दिवसाढवळ्या काय नाय व्हत," रशीदभाई पायथ्याशी रिक्षा थांबवत म्हणाले. "सॅक राहू द्या रिक्षात, वर चढताना वझं कशाला? मी हितंच हाय."

मी शिट्टी तेवढी गळ्यात अडकवली, बसायला चादर घेतली आणि सॅक ठेवून दिली.

मानमोडीच्या डोंगराची चढण फार नाही, पण ऊन होतं. लेण्यांसमोर पोचल्यावर अविनाशचा चेहरा लहान मुलासारखा झाला. मला हात धरून तो एका टाक्यापाशी घेऊन गेला. जमिनीलगत माणूस जाईल एवढंच तोंड, आत खडकात कोरलेली काळोखी खोली आणि पाणी. "एका यवनाने इथल्या भिक्षूंसाठी दोन टाकी दान दिली होती. हेच की दुसरं, ते नक्की सांगता येत नाही." मी वाकून पाहिलं आणि लगेच मागे झाले. आत साप असणार, याबद्दल माझी खात्री होती.

मग मी सहज वर पाहिलं. कपारीला सुपाएवढी काळी मोहोळं लटकत होती. आग्या मोहोळ. "अविनाश, चल इथून," म्हणेपर्यंत वास आला. धुपाचा. मावशींनी देवीपुढे धुपाटणं पेटवलं होतं आणि धूर कातळाला चिकटून सरळ वर चालला होता.

मावशी स्वतःच ओरडल्या, "पळा! माश्या उठल्या!"

पळणार कुठे? उतार उघडा होता. अविनाशने मानेवर हात मारला तेव्हा मला कळलं की एक डंख झाला. मी त्याला टाक्यात ढकललंच म्हणा ना. मागून मी उतरले, मावशीही. कमरेइतकं गार पाणी. चादर भिजवून तिघांनी डोक्यावर घेतली. वर तोंडाशी माश्यांचा आवाज असा घोंगावत होता की दात शिवशिवत होते. मी मरणाची घाबरले होते.

"माज्यामुळं झालं गं," मावशी म्हणत होत्या. "येवढा धूर जाईल, मला काय ठावं?"

माझं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. अंधारात अविनाशचा चेहरा दिसत नव्हता. मी त्याच्या गळ्यावर हात ठेवला. "बोल. काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. तुझे यवन. थांबू नकोस."

तो बोलायला लागला. नाणेघाटातली जकात, सातवाहनांची राणी, गलबतातून येणारे मद्याचे रांजण. जन्मात इतकं मन लावून मी इतिहास ऐकला नव्हता. एकेक शब्द मोजून घेत होते. आणि मग 'सोपारा बंदर' म्हणताना त्याची जीभ अडखळली. आवाज जाड झाला.

बाहेर माश्या होत्याच, कमी झाल्या होत्या एवढंच. थांबलो तर घसा बंद होईल, निघालो तर आणखी डंख. मला दोन्हीची सारखीच भीती वाटत होती. ठरवायला दुसरं कोणी नव्हतं. अविनाशला विचारलं तर तो थांबू म्हणाला असता, माझ्यासाठी.

"मावशी, आपण ह्याला खाली नेतोय."

"चल," त्या म्हणाल्या. आधी त्या चढल्या, मग दोघींनी त्याला ओढून वर काढलं. ओली चादर सगळी त्याच्याभोवती गुंडाळली आणि दोन बाजूंनी धरून निघालो. माझ्या हातावर, कानामागे, पाठीवर आगीच्या टाचण्या टोचत होत्या. मी जिवाच्या आकांताने शिट्टी फुंकत होते. ती ऐकून रशीदभाई अर्ध्या वाटेपर्यंत धावत आले. रिक्षात गोळ्या दिल्या, त्या त्याने कशाबशा गिळल्या. दवाखान्यापर्यंत रशीदभाईंनी हॉर्नवरचा हात काढला नाही.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि मग विचारलं, किती वेळ झाला डंखाला? "अजून थोडं थांबला असतात तर अवघड होतं," एवढंच ते म्हणाले. मावशी दाराशी बसून होत्या, चेहरा सुजलेला. अविनाशने डोळे उघडेपर्यंत त्या बोरीच्या गाडीला गेल्या नाहीत.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. लेणी सुंदर आहेत म्हणतात. मी नीट पाहिलेली नाहीत. अत्तर लावू नका, धूर करू नका, कोणी करत असेल तर हात जोडून थांबवा. आणि औषध अंगावर ठेवा.

दुसऱ्या दिवशी पुण्यात घरी आलो. माझ्या हाताची सूज आठवड्यात उतरली. भीती मात्र गेली नाही, उलट तिने घरात ठाण मांडलं आहे. अविनाश आतल्या खोलीत वाचत बसतो आणि बराच वेळ काही चाहूल लागत नाही, तेव्हा माझे हात कामात थांबतात. मी त्याला हाक मारते. काम काहीच नसतं, हे त्यालाही माहीत आहे. तो 'काय गं' असं कधीच विचारत नाही. आतून मोठ्याने एखाद्या शिलालेखाची ओळ वाचून दाखवतो.

मी म्हणते, "पुढे?"

आणि तो पुढची वाचतो.